रायमुनियाला लावलेली काडी

मोहाचं फूल वाळलेल्या पानावर पडलं तर टप् वाजतं, आणि झाडून काढलेल्या मातीवर पडलं तर ऐकूही येत नाही. आमच्या दोन मोहांखाली आवाज होत नसे. माय फाल्गुनातच खराटा घेऊन जायची आणि दोन्ही झाडांखालचं अंगण घरच्या अंगणासारखं लख्ख करून यायची. बाकीचं गाव एवढी मेहनत करत नसे. पाचोळ्याला एक काडी लावली की तासाभरात जमीन काळी होते आणि त्या काळ्यावर पिवळी फुलं लांबूनही दिसतात, वेचायला सोपी. पण आमच्या घरात ते चालत नव्हतं, कारण माझे बाबा आगरखा होते. उन्हाळ्याचे चार महिने जंगलखात्याकडे रोजंदारीवर राहायचे. आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्यापासून पुढच्या नाल्यापर्यंतची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ ठेवलेला पट्टा, त्यांच्याकडे होती. खांद्याला पाण्याचा तुंबा, हातात कोयता, आणि कुठे धूर दिसला की जवळची हिरवी डहाळी तोडून आगीला झोडपत सुटायचं, हे त्यांचं काम. "जंगलात आगपेटी नेली तं हात तोडीन," असं ते आम्हाला सांगत, आणि ते कधी ओरडत नसल्यामुळे आम्हाला ते खरंच वाटे.

घर म्हणजे मातीच्या तीन खोल्या आणि वर कवेलू. समोरच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्याखाली मायनं रंगीत कागदाची कापून लावलेली फुलं. चैत्रात घरभर मोहाचा वास. अंगणात बांबूच्या ताटव्यावर फुलं वाळत घातलेली असायची, पिवळ्याची तांबडी आणि तांबड्याची काळपट होत जायची, आणि तो गोड-आंबूस वास केसांत असा बसायचा की अर्जुनीच्या शाळेत पोरी माझ्या बाकावर बसताना नाकाला ओढणी लावायच्या. सकाळी पेज, दुपारी भात आणि लाखोरीचं वरण, सोबत सुक्या झिंग्यांची चटणी. माय वाळलेली मोहफुलं भाजून तिळासोबत उखळात कुटायची, त्याचे लाडवांसारखे लाटे करायची. त्या उखळीचा आवाज माझ्या अजून कानात आहे, एक जड, एक हलका, पुन्हा एक जड. बाबा जेवताना मध्येच थांबायचे. घास हातात तसाच, नाक वर. वाऱ्यात धूर आहे का ते बघायचे. नसला की जेवण पुढे सुरू. सतरा वर्षं मी ते पाहिलं होतं, आणि मला वाटायचं सगळ्यांचे बाप असेच जेवतात.

आता रायमुनियाबद्दल सांगते. बाकी महाराष्ट्र तिला घाणेरी म्हणतो. बारीक फुलांचे गुच्छ, अर्धे पिवळे अर्धे गुलाबी, पान चुरगळलं तर उग्र वास, अंगभर उलटे काटे. परवाच कुडव्यात, मी आता राहते तिथे, आमच्या शेजारच्या सूनबाईंनी नर्सरीतून ती कुंडीत लावून आणली आणि मला हौसेनं दाखवली. "मावशी, बारा महिने फुलते म्हणे." मी म्हटलं, फुलते खरी. दुसरं काय सांगणार होते मी त्या पोरीला? माझ्या लहानपणी रायमुनिया फक्त रस्त्याच्या कडेला असायची. आम्ही पोरं तिची काळी बोरं खायचो, ओठ जांभळे करून हिंडायचो. मग ती नाल्याच्या काठानं आत शिरली. बाबा म्हणायचे, "पाखरं पेरून राहिले." जिथे एखादं मोठं झाड पडून ऊन खाली यायचं तिथे दोन पावसाळ्यांत रायमुनियाचं रान व्हायचं, माणसाच्या डोक्यावर उंच, आतून कुत्रं जाणार नाही इतकं दाट. तिच्याखाली गवत मेलं. तेंदूच्या कोवळ्या फुटी मेल्या. चारोळीचं नवं रोप दिसेनासं झालं. चितळ खायला काही नाही म्हणून धानात उतरू लागले. बाबा संध्याकाळी आले की पायांवर काट्यांच्या रेघा असायच्या, आणि माय त्यावर टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावता लावता म्हणायची, "तुमचं जंगल तुमालेच बोचकारते आता."

त्या वर्षी रायमुनिया आमच्या थोरल्या मोहाच्या बुडाशी येऊन टेकली होती. मायनं खराट्यानं झाडलेल्या अंगणाच्या एका बाजूला तिची भिंतच उभी होती. माय म्हणाली, मोहाचा हंगाम संपला की ती तोडू.

त्या दिवशी उजाडता उजाडता मी आणि माय मोहाखाली होतो. मी धाकट्या झाडाखाली, ती थोरल्या. मधे पंधरा-वीस पावलं. फुलं भरपूर पडली होती. माय वाकून दोन्ही हातांनी वेचत मागे मागे सरकत होती, पाठ रायमुनियाकडे. मी तिला काहीतरी सांगत होते, बहुतेक शाळेतलं. रायमुनियाची भिंत हलली. वारा नव्हता. मला वाटलं डुक्कर आहे, आणि मी "माय व, डुक्कर" असं म्हणेपर्यंत काळं काहीतरी त्यातून फुटून बाहेर आलं आणि मायच्या अंगावर उभं राहिलं.

अस्वल ओरडतं तेव्हा ते जनावराचं ओरडणं वाटत नाही. कोणीतरी माणूस घसा फाडून शिव्या देतोय असं वाटतं. माय खाली पडली होती आणि ते तिच्या डोक्याशी वाकलं होतं. मी पळाले. हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. गावात मी वाघीण ठरले, पोरीनं मायला सोडवलं म्हणून. पण आधी मी पळाले. दहा पावलं, बारा पावलं. मग मायचा आवाज आला. तिनं मला हाक मारली नाही. ती म्हणाली, "पोरगी, पोरगी," जणू त्या अस्वलालाच सांगत होती की तिकडे माझी पोरगी आहे, तिकडे जाऊ नको. मी वळले. जमिनीवर मोहाची वाळलेली फांदी होती ती उचलली आणि किंचाळत जाऊन त्याच्या पाठीवर घातली. पुन्हा घातली. फांदी मोडली. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तोंडाला मायचे केस चिकटलेले, आणि का कोण जाणे, ते मला सोडून पुन्हा रायमुनियात घुसलं. पळताना त्याच्या पाठीवर एक काळा गोळा घट्ट धरून बसलेला दिसला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मायच्या डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलली गेली होती. डावा डोळा जागेवर नव्हता. गालातून दात दिसत होते. ती शुद्धीवर होती आणि एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं सांडलेली फुलं टोपलीत भरू पाहत होती. मी ओढणी काढून तिच्या डोक्याला गुंडाळली, ती लगेच भिजली. माझ्या ओरडण्यानं सोमाकाका धावत आला. हा आमचा गोंड शेजारी, माय त्याला भाऊ मानायची. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि गावापर्यंत पळत आणलं. गावातून बैलगाडीनं सडकेपर्यंत, सडकेवरून तांदळाच्या ट्रकनं गोंदियाला. बाबा जाळरेषेवरून आले ते तसेच ट्रकमध्ये चढले. मला म्हणाले, "घर पाय." तेवढंच.

मी घर पाहिलं. म्हणजे अंगणातलं रक्त शेणानं सारवलं, लुगडं धुतलं, भात शिजवला आणि तो खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला एक जण गोंदियाहून आला, त्यानं सांगितलं की बाई जिवंत आहे, डोळा गेला. जिवंत आहे हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला फक्त राग आला. तो राग मी अजून आठवू शकते. तो पोटात नव्हता, हातांत होता. हातांना काहीतरी करायचं होतं. दुपारी ऊन डोक्यावर असताना मी कंदिलात घालायच्या रॉकेलचा डबा घेतला, चुलीमागची आगपेटी घेतली आणि मोहाकडे निघाले. मला ते अस्वल जाळायचं होतं, आणि ती झुडपंही.

चैत्रातच वैशाखासारखी झळ चालू होती. मी रायमुनियाच्या बुडाशी तीन-चार ठिकाणी रॉकेल ओतलं. मग काडी लावली. रायमुनिया ओली दिसते, पण उन्हाळ्यात आतून सगळी काडकी असते. ती पेटली नाही, फुटली. भक्कन आवाज आणि माझ्या भुवया गेल्या. मी मागे पडले. ज्वाळा मोहाच्या शेंड्याइतक्या उंच गेल्या आणि आतून ते ओरडणं आलं.

धूर पाहून गावातले लोक कुऱ्हाडी घेऊन आले. आठ-दहा जण असतील, पुढे सोमाकाका. त्यांनी मला पाहिलं, डबा पाहिला. तेवढ्यात अस्वल बाहेर आलं. पाठीवरचे लांब केस पेटलेले. पाठीवर पिल्लू होतं, तेही पेटलं होतं आणि तरी केस सोडत नव्हतं. दुसरं एक पिल्लू मागून आलं, लोकांच्या पायांतून निसटून नाल्याकडे पळालं. अस्वल जमिनीवर लोळलं, उठलं, आणि आमच्याकडे न येता पुन्हा आगीकडे वळलं. आत आणखी काही उरलंय असं तिला वाटलं असावं. ती मादी होती हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. लोक थांबले. सोमाकाकाची कुऱ्हाड खाली आली. तो म्हणाला, "लेकरावालं हाये गा. जाऊ द्या."

मी ओरडले, "मारा तिले! काऊन उभे हा? मारा!"

सतरा वर्षांची पोर, अंगावर मायच्या रक्ताचे डाग. माझ्याकडे पाहिल्यावर कोण थांबणार होतं? त्यांनी मारलं. कुऱ्हाड केसाळ अंगावर बसते तेव्हा आधी ओला आणि मग कोरडा आवाज येतो. ती खूप वेळ मेली नाही. पिल्लू आधी मेलं. सोमाकाकानं शेवटचा घाव घातला, तो तिला सोडवायला घातला होता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मग तो बाजूला जाऊन उलटी करू लागला.

आणि या सगळ्यात आगीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. झळ सुटली होती. रायमुनियावरून आग बांबूच्या बेटात गेली, पेरं बंदुकीसारखी फुटायला लागली. पाचोळ्यावरून ती धावत होती, आम्ही चालतो त्यापेक्षा वेगानं. आमचा थोरला मोह बुडापासून पेटला. जुनं झाड, आतून पोकळ, त्या पोकळीतून धूर चिमणीसारखा वर निघाला. मग दुसरे मोह, सोमाकाकाचे, इतरांचे. लोक कुऱ्हाडी टाकून डहाळ्या तोडू लागले. मी उभीच होते.

बाबा त्या दिवशी मायचे कपडे न्यायला छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं परतत होते. धूर त्यांना गाडीच्या खिडकीतूनच दिसला. अर्जुनीला उतरून ते घरी आले नाहीत, सरळ जंगलात आले, गोंदियाचे धुतलेले कपडे अंगात. उन्हं कलेपर्यंत ते आगीपुढे होते. सगळे थकून मागे हटले तरी ते झोडपत राहिले, डहाळी जळली की दुसरी, आणि शेवटी डहाळी तोडायलाही वेळ नव्हता तेव्हा हातांनी माती ओढून टाकत राहिले. नाल्यापाशी आग थांबली तेव्हा त्यांच्या दोन्ही तळव्यांची कातडी लोंबत होती.

परत येताना त्यांनी अस्वल पाहिलं, पिल्लू पाहिलं. मग तो डबा पाहिला. आमचाच डबा, झाकणाला मायनं बांधलेली निळी चिंधी. ते माझ्याजवळ आले. हातात अर्धी जळालेली डहाळी होती, तिनंच त्यांनी मला मारलं. पायांवर, पाठीवर, खांद्यावर. कोणी मधे पडलं नाही. मला लागत होतं त्यापेक्षा त्यांना जास्त लागत असणार, कारण प्रत्येक फटक्याला डहाळीवर त्यांच्या हाताचं काहीतरी राहून जात होतं. मग त्यांनी डहाळी टाकली.

"तुह्या मायले अस्वलानं फाडलं," ते म्हणाले. "अन् याले कोनं फाडलं? सांग." त्यांनी जळालेल्या जंगलाकडे बोट दाखवलं. आयुष्यात त्यांनी मला मारलं ते त्या एकाच दिवशी.

अस्वल आणि पिल्लू लोकांनी तिथेच पुरलं. दोन दिवसांनी जंगलखात्याचा नाकेदार त्याच्या साहेबाला घेऊन आला. दोघांनी जळालेलं सगळं फिरून पाहिलं आणि आमच्या ओसरीवर बसले. मी आत, दाराआड, हातात भाताचा चमचा. गावानं आधीच ठरवलं होतं, कोणा वाटसरूची बिडी, आम्हाला माहीत नाही. बाबांचे दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले होते.

"कोणी लावली रे आग?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, माया हद्दीत लागली," बाबा म्हणाले. "मी हजर नोयतो. जबाबदारी माही."

"लावली कोणी ते विचारलं मी."

"जबाबदारी माही, साहेब."

ते खोटं बोलले नाहीत आणि माझं नावही घेतलं नाही. मला फक्त उंबरठा ओलांडायचा होता. चार पावलं. मी चमच्यातला भात पातेल्यात टाकला, झाकण ठेवलं, आणि आतच राहिले. त्या उन्हाळ्यापासून बाबांना जाळरेषेवर बोलावलं नाही. नंतर ते लोकांच्या धानाच्या बांध्यांवर कामाला जाऊ लागले. तळवे बरे झाले, पण बोटं पुरती मिटत नसत. रोवणीला रोप हातातून निसटायचं आणि बायका हसायच्या. जेवताना मात्र ते अजूनही मध्येच थांबून वारा हुंगायचे.

माय पावसाळ्याच्या तोंडावर घरी आली. चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी, डोळ्याच्या जागी शिवलेली घडी. पहिले काही दिवस तिनं पदर तोंडावर ठेवला, मग कंटाळून काढून टाकला. "पाहू द्या," म्हणाली, "मलेच तं दिसत नाई मी." पहिल्या आठवड्यातच तिला मोह पाहायचा होता. बाबा नको म्हणाले. ती माझ्यासोबत निघाली.

मी आगीनंतर तिकडे गेले नव्हते. मला वाटलं होतं सगळं काळं असेल. सगळं हिरवं होतं. थोरला मोह काळा खांब होऊन उभा होता, एकही पान नाही, धाकटा अर्धा जिवंत. तेंदू, चारोळी, लहान साग, सगळं गेलं होतं. आणि जळालेल्या रायमुनियाच्या प्रत्येक खुंटातून सात-आठ नव्या फुटी निघाल्या होत्या, टपोऱ्या, चमकदार, गुडघाभर. जिथे पूर्वी ती नव्हती, तिथेही आली होती. आगीनं तिच्यासाठी जागाच करून दिली होती. मी जिला मारायला गेले होते ती एकटीच वाचली होती.

त्यानंतर आम्ही दोघी रोज सकाळी तिथे जायला लागलो. उपटायला लागलो. आधी आम्हाला काही कळत नव्हतं. वरून तोडली तर पुन्हा फुटायची. उपटून टाकली तर पावसात आडवी पडल्या पडल्या मुळं धरायची. हळूहळू कळलं की बुडाशी जिथे मूळ जाड होतं त्याच्या खाली कुदळ घालायची, आणि उपटलेलं झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे, झाडाच्या फांदीत अडकवायचं. मग ते वाळतं. पुढे पुष्कळ वर्षांनी शहरातले शिकलेले लोक गावात येऊन हेच सांगून गेले, आणि माय मागे बसून मान हलवत होती. पण तेव्हा आम्ही दोघीच होतो. काट्यांनी हात रक्ताळलेले, पाऊस, जळवा, आणि एका सकाळच्या कामात निघणारी जागा अंगणाएवढी.

एकदा असंच खोदता खोदता माय थांबली. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तूच लावली ना आग?"

"हो," मी म्हणाले. कुदळ माझ्या हातात होती आणि मला ती खाली ठेवता येईना.

"तुह्या बाबानं नाई सांगतलं. सोमादादानं बी नाई. मले वाटलंच." मग ती म्हणाली, "ते मादी होती म्हणते."

"हो."

"पिल्लं होते?"

"दोन. एक मेलं तिच्यासंगं. एक पळालं."

"केवढं होतं?"

मी कुदळ टाकली आणि दोन्ही हात समोर धरून दाखवलं. एवढं. नुकतं मान धरू लागलेलं मूल आपण जसं दाखवतो तसं. माय माझ्या हातांमधल्या त्या जागेकडे बघत राहिली. मग ती चिखलात मटकन बसली आणि रडायला लागली. दवाखान्यात टाके घालताना ती रडली नव्हती, असं बाबा सांगत. डोळा गेल्याचं कळलं तेव्हाही नाही. आता रडत होती, आणि पाणी एकाच गालावरून वाहत होतं. मी तिच्याजवळ जाऊ लागले तर तिनं हात वर करून मला थांबवलं.

पाऊस आला. आम्ही तशाच भिजत राहिलो. नंतर तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, उठली, माझी पडलेली कुदळ उचलून माझ्या हातात दिली आणि पुढच्या झुडपाच्या बुडाशी बोट टेकवलं.

"इथं," ती म्हणाली. "खालून घाल."